कचऱ्याच्या गाडीतला आवाज

२ फेब्रुवारी

आज पुन्हा एक गेला. यंत्रमागावरचा, चाळिशीचा. काल संध्याकाळी शिंदी पिऊन घरी आला आणि आडवा झाला. घरच्यांना वाटलं, उतरेल. घोरणं वेगळं वाटायला लागलं तेव्हा बायकोने चिंचेचं पाणी तोंडात ओतलं. ते घशात अडकलं. मी गेले तेव्हा वाटी कॉटखाली तशीच. बाई म्हणाली, "सगळेच पाजतेत की ताई चिंचेचं पाणी." खरं आहे. सगळेच पाजतात.

दुपारी साहेबांनी बोलावलं. तपासणीचा कागद आलाय. शिंदीत झोपेच्या औषधाची पावडर. नवल नाही. शिंदीचं झाड शहराजवळ शोधून सापडत नाही आणि बाटली गल्लोगल्ली. पाणी, सॅक्रीन, पावडर.

"ताई, हे काम तुम्ही बघा. पूर्व भागात तुम्हाला सगळे ओळखतात."

अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी आहे, आहेत त्या डॉक्टरांकडे दुसरी चार कामं. म्हणजे आजपासून सगळ्या शहराचं हे काम एका आरोग्यसेविकेकडे. निवृत्ती तोंडावर आलेली. नाही म्हणायला हवं होतं.

भात टाकला, खाल्ला नाही. ह्यांचा चष्मा पुसून परत कपाटावर ठेवला.

३ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यातल्या डॉ. शेखनी पानं दिली, इंग्रजी. वयाने माझ्या लेकीएवढ्या, ज्योतीएवढ्या, पण बोलणं सरळ. डिक्शनरी घेऊन बसले. लग्नात सातवी पास होते. पुढचं शिक्षण हे गेल्यावर, नोकरीत घेतलं तेव्हा. वाचायची सवय मात्र त्याआधीची, ह्यांनीच लावलेली. रद्दीतून पुस्तकं आणायचे.

सगळ्या पानांचा अर्थ एवढाच. माणूस हलवून उठत नसेल तर कुशीवर वळवा. तोंडात काही ओतू नका. उचलून आणा.

इतकंच? इतकंच.

५ फेब्रुवारी

हेच घंटागाडीवर वाजवायचं ठरलं. कचरा द्यायला दारात सगळेच येतात, पेपर सगळे वाचत नाहीत. फिनेलच्या ड्रमच्या खोलीत बसून मोबाइलवर माझा आवाज घेतला. पहिल्यांदा फार लांबलं. हे असते तर हसले असते. खात्याच्या रिक्षातून भोंग्यावर पुकारायचं काम त्यांचं, बावीस वर्षं. म्हणायचे, लांबण लावू नको, ऐकणारा दात घासत असतो. तीन वाक्यांत आणलं.

तेलुगूसाठी नरसम्माला आणलं. विड्या वळते, विडी कामगारांच्या घरकुलात राहते. हे गेले तेव्हा तेरा दिवस रोज येऊन भिंतीला टेकून बसायची, एक शब्द न बोलता. तिचा आवाज खणखणीत. पण ती रोज संध्याकाळी एक बाटली घेते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

"आधी अर्धी घेते अक्का, मग गळा सुटतंय."

"गप. इथे ऑफिस आहे."

"मग ऑफिसवाल्यांनाबी दे की. चेहरे बघ कसे झालेत."

एका दमात बोलली. ऐकून स्वतःच लाजली. पदर तोंडाला.

७ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना माझाच आवाज कोपऱ्यावरून आला. दचकले. शेजारची म्हणाली, "ताई, बादली देऊ का तुमच्याकडंच?"

नरसम्मा भेटली. तिच्या गल्लीत पोरं तिला बघून कुशीवर पडून दाखवतात. "लई मोठी झाले अक्का. माझा आवाज कचऱ्याच्या गाडीत येतंय." खूश होती.

संध्याकाळी एकाला वेळेत आणला. बायको म्हणाली, गाडीत ऐकलं, चिंच नाही दिली. उठून बसलाय. डॉ. शेखनी त्याच्यासमोर मला चहा पाजला. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

१० फेब्रुवारी

मीटिंग. पोलिस, एक्साइज, आमचे साहेब. कुणी म्हणे दोन दुकानं आधी बंद करू, बघू. मी उभी राहून म्हणाले, दोन बंद केली तर लोक तिसऱ्यावर जातील. एकाच दिवशी सगळी. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? ताई बोलल्या."

बरं वाटलं. लिहून ठेवते, बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

सगळी बंद. पेपरात फोटो, साहेब मध्ये, मी कडेला अर्धी. ऑफिसात पेढे. ज्योतीचा मोहोळहून फोन, "आई, जावई सगळ्यांना दाखवतायत." घरी आल्यावर फोटो ह्यांच्या फोटोपुढे ठेवला आणि मग उगीच वाटून काढून घेतला.

येताना नरसम्माकडे डोकावले. उंबऱ्यात बसून सुपातली पानं कातरत होती.

"संध्याकाळी काय करायचं अक्का आता?"

"चहा पी."

"चहा." एवढंच म्हणाली, आणि हसली.

१५ फेब्रुवारी

सकाळी डॉ. शेखचा फोन, लगेच या.

वॉर्डात चौघे. एकाला झटके येऊन गेलेले. एक जण उताणा पडून हवेत तुटलेला धागा जोडत होता. गाठ मारायचा, टोक तोडायचा, मग पुढचा धागा. माग नाही, धागा नाही, हात मात्र बरोबर चालत होते. बायको पायाशी. ती म्हणे, अंगात आलंय, देवऋषीकडं न्यायचं होतं.

"हे प्यायल्यामुळे?" मी विचारलं.

"न प्यायल्यामुळे. शरीराला पावडरीची सवय झालीय. एकदम काढून घेतली की असं उलटतं. गोळ्या देऊन हळूहळू उतरवावं लागतं. मी वाचलं होतं, बघतेय पहिल्यांदाच. आधी सुचायला हवं होतं, मलापण."

त्या दोष वाटून घेत होत्या. पण एकाच दिवशी सगळी, हे वाक्य त्यांचं नाही.

धागेवाला दुपारी गेला.

१६ फेब्रुवारी

नरसम्माचं दार लोटलेलं. सून म्हणाली, दोन दिवस झोप नाही, खाणं नाही. गोधडीत बसलेली, घामाने चिंब. पुढ्यात सूप, हातात पान नाही, तंबाखू नाही. बोटं विडी वळतायत.

माझ्याकडे बघून थांबली. ओळखलं.

"दवाखान्यात चल."

"न्हाई."

"नरसम्मा, हे जिवावरचं आहे."

"गाडीत बोलणारी बाई स्वतःच पिणारी निघाली, असं म्हणतेत की सगळे. आणि पोलिस नाव लिहून नेतेत. सुनेचं विडीचं कार्ड जाईल, काम जाईल. न्हाई."

सुनेला दाखवून आले, झटका आला तर कसं वळवायचं. तिला आधीच येत होतं. सासूच्याच तोंडून ऐकलेलं.

१७ फेब्रुवारी

नवीन पुकारा लिहिला. पिणं एकदम सुटल्यामुळे हात थरथरत असतील, झोप नसेल, भास होत असतील, तर घरी थांबू नका. दवाखान्यात औषध आहे. पोलिस येणार नाहीत, कामावर कुणाला कळवणार नाही.

साहेबांनी वाचलं. चिडले नाहीत. पेन काढून दोन ठिकाणी मारलं. "पिणं एकदम सुटल्यामुळे" कापलं, आणि शेवटचं वाक्य.

"ताई, एकदम सोडणं धोक्याचं, असं आपणच गाडीवरून वाजवायचं? उद्या दुकानवाले हेच घेऊन कोर्टात उभे राहतील. दुकानं उघडली तर?"

"आणि पोलिसांचं?"

"पोलिसांच्या वतीने मी कसा शब्द देऊ? मला अधिकारच नाही."

त्यांचंही चूक नाही. तेच तर. उरलं काय, तर हात थरथरत असतील तर दवाखान्यात या. कुणाचे हात, कशामुळे, काही नाही. म्हातारपणाचं असेल म्हणून लोक दात घासत राहतील.

१९ फेब्रुवारी

कापलेलं वाजतंय. कुणी येत नाही. डॉ. शेखनी भांडून सहा खाटा राखून ठेवल्यात, चादरी घातलेल्या, रिकाम्या. पूर्व भागात मात्र घराघरात दारं लोटलेली. आज आणखी एक बाई घरीच गेली, घरकुलातली. नरसम्मा नाही. गेलेल्या बाईचं नाव कळेपर्यंत मी जिन्यावर बसून होते.

हे गेल्यावर लोक म्हणायचे, काळ जाईल तसं कमी होईल. कमी होत नाही. सवय होते. आणि मग असा एखादा दिवस येतो की सवयच नाहीशी

(वर तसंच राहिलं. सुनेचा फोन आला.)

२० फेब्रुवारी

काल झटका. सुनेने कुशीवर घेतलं, तोंड मोकळं ठेवलं, कुणाला चिंच आणू दिली नाही. मी आणि ती, रिक्षात, मध्ये नरसम्मा. पूर्ण वाट तिची बोटं माझ्या मनगटावर विडी वळत होती. आता झोपलीय. डॉ. शेख म्हणतात आजचा दिवस काढू दे.

२१ फेब्रुवारी

काढला.

२२ फेब्रुवारी

डोळे उघडे. पेज घेतली. पहिलं वाक्य, "माझं नाव लिहून घेतलं का?"

"केसपेपरवर. बाकी कुणी नाही."

"पोलिस?"

"दारात चहावाला आहे, तेवढाच."

मान वळवून शेजारच्या खाटा बघितल्या. "ह्या कुणाच्या?"

"येणाऱ्यांच्या. येत नाहीत."

"कसं येतील. गाडीत काय ते थरथर थरथर लावलंय. मलाच कळलं न्हाई माझं म्हणून."

मी तिला कापलेला कागद वाचून दाखवला, कापलेल्या वाक्यांसकट. पोलिसांचं ऐकून म्हणाली, "हे तर मी सांगू शकते की. मी हितं पडलेय. मला दिसतंय कोण येतंय, कोण न्हाई."

साहेब नाशिककडचे. तेलुगूचं एक अक्षर त्यांना येत नाही. मराठी मजकूर मंजूर करतात, तेलुगू तसंच पुढे जातं. हे माझ्या मनात आलं आणि तिथेच बसलं. सबंध दुपार.

डॉ. शेखना सगळं सांगितलं. "माझ्याकडून पोलिसांना फोन जाणार नाही, हे मी लिहून देते," म्हणाल्या. "गाडीचं मात्र तुमचं तुम्ही बघा." बघते म्हटलं.

२३ फेब्रुवारी

खाटेवरच घेतला आवाज. पहिल्यासारखा खणखणीत नाही, मध्येच दम लागतो. परत घेऊ म्हटलं तर डॉ. शेख म्हणाल्या, राहू दे, असाच हवा.

मला तेलुगू थोडंच समजतं. सुनेने सांगितलं ते असं. मी नरसम्मा, घरकुलातली. कुशीवर वळवा म्हणणारी तीच. मी रोज प्यायची. एकदम सुटली आणि मरत होते. दवाखान्यात आहे. इथे पोलिस नाहीत. खाट मोकळी आहे. या.

घंटागाडीच्या मल्लप्पाकडे पेनड्राइव्ह दिला. त्याला सांगणं भाग होतं, नोकरी त्याचीही आहे. ऐकून घेतलं, खिशात टाकला. "मला तेलुगू येत न्हाई बाई. घरात कन्नड बोलतो आमी. मला काय म्हाईत त्यात काय हाय."

आयुष्यात ऑफिसला चोरून केलेलं हे पहिलं काम.

२४ फेब्रुवारी

गाडी पूर्व भागातून फिरली. दुपारपर्यंत कुणी नाही. चारच्या सुमाराला दोघी जणी आल्या, एकीच्या नवऱ्याला मध्ये धरून. दारातच विचारलं, "नरसम्मा कुटं हाय?" खाट दाखवली. तिला बघितलं, मग आत आल्या.

तिने हात वर केला. पुढाऱ्यासारखा.

२५ फेब्रुवारी

सहाही खाटा भरल्या. खाली गाद्या. डॉ. शेख जेवल्या नाहीत, मी डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी अर्धी दिली. ठसका लागला त्यांना. हसलो दोघी, फार दिवसांनी.

२६ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. "ताई, त्या तेलुगूमध्ये नक्की काय काय आहे?"

कुणीतरी सांगितलेलं. खोटं बोलले नाही. शब्दन् शब्द सांगितला.

"मला न विचारता?"

"विचारलं होतं साहेब. तुम्ही कापलंत."

त्यावर म्हणाले, "वॉर्डात किती आलेत?"

"खाली गाद्या घातल्यात."

"उद्या अकराला या. पेनड्राइव्ह घेऊन."

एवढंच. रागाने म्हणाले की कसं, ते कळलं नाही. मल्लप्पाला फोन केला. "अकराला देतो की. गाडी साडेसहाला निघतंय." म्हणजे उद्याची फेरी तरी होईल. परवाचं माहीत नाही.

ज्योती म्हणते, रजा टाक आणि मोहोळला ये. बघू.

संध्याकाळी वॉर्डात. नरसम्माची बोटं आता बऱ्यापैकी स्थिर. सुनेकडून विड्यांचं सूप मागवलंय, नर्स आणू देत नाही म्हणून तक्रार. डॉ. शेख म्हणाल्या परवा घरी सोडते, खाट हवी आहे. हे तिने ऐकलं असावं. मी उठले तशी माझा पदर धरला.

"मागच्या दारानं पुन्हा मिळायला लागलंय म्हणे. खरं काय अक्का?"

"खरं आहे."

"आमच्याच गल्लीत?"

"तुमच्याच."

पदर सोडला नाही. "मग मला अजून चार दिवस हितंच ठेव."

डॉ. शेखना विचारते म्हटलं. त्या नाही म्हणणार, गाद्यासुद्धा संपल्यात. उद्या आधी वॉर्ड, मग अकराला साहेब. आणि नळाला पाणी यायचा दिवसही उद्याच आहे, भरायला घरात कुणी नाही.