चष्म्याच्या दुकानातला प्रसंग

तीर्थरूप आईस, तुझ्या भांडखोर लेकीचा नमस्कार.

आई, तू आणि मी दगडाच्या काळजाच्या! बाबा गेले तेव्हा आपण धाय मोकलून रडलो नाही, म्हणून नातेवाइकांनी हाच निकाल दिला होता. आज मी त्यावर बोळा फिरवला.

इथे सिनेमात मी नुकताच नवरा गेलेली बाई आहे. दिग्दर्शकाने भिंतीवर तक्ता लावला होता : आधी नाकारणं, मग राग, मग देवाशी सौदा, मग खचणं, शेवटी स्वीकार. पाच दिवस, पाच प्रसंग. मी म्हटलं, "साहेब, हे टप्पे सांगणारी पुस्तकं मीही वाचलीत. दुःख काय शाळेत जातं, एकेक इयत्ता पास व्हायला?"

"मग तुम्ही करून दाखवा," ते म्हणाले.

मी तुझाच प्रसंग करून दाखवला. बाबांना जाऊन महिना झाला होता आणि तू त्यांचा नवा चष्मा आणायला गेलीस. "काच तिरकी बसवलीत, ते वाचणार कसे?" म्हणून दुकानदाराला झापलंस. मग तोच चष्मा स्वतः लावून खो खो हसलीस, आणि हसता हसता बाकावर बसलीस ती तासभर उठलीच नाहीस.

सगळं एका दमात झालं. कॅमेरामन डोळे पुसत होता. दिग्दर्शकाने स्वतःच्या हाताने तक्ता उतरवला!

मी वेळेवर जेवते. तू एकटीपुरतं रांधायचा कंटाळा करत नाहीस ना?

सिनेमाच्या सुरुवातीला आभार मानताना दिग्दर्शकांना तुझं नाव पहिलं हवंय. सोबतच्या संमतिपत्रावर सही कर आणि उद्याच्याच टपालाने पाठव.

तुझीच,
धाकटी