तारेवरची गोधडी

१२ डिसेंबर, धाड. जेवणं उरकल्यावर.

सासूबाईंपुढे हात टेकले! आज पुन्हा माझ्या चिऊची ओली गोधडी रस्त्याकडच्या तारेवर. मागे दोरी रिकामी आहे, पण नाही. आज बाजार, सगळं गाव पुढूनच जाणार. म्हणे, "चार लोकाईनं पाह्यलं म्हणजे लाज वाटन, आपोआप बंद होईन." अहो, आठ वर्षांची पोर झोपेत अंथरूण ओलं करते, तिला लाज जागं करणार आहे का? बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, यात तिचा दोष नाही, रागावू नका. म्हणजे डॉक्टर येडे आणि ती तार शहाणी!

चिऊ आता दुपारपासून पाणीच पीत नाही. ओठ फुटलेत. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते.

शेवटी जेवताना ह्यांच्यावर भडकले. "तुमच्या आईले तुमी काऊन काही म्हणत नाही?"

ताटावरून मान वर न करता म्हणाले, "माही गोधडीबी त्याच तारेवर वाळे. पाचवीपर्यंत."

मी उठून गोधडी आत आणली.

लग्न झाल्यापासून बघते, हा माणूस रात्री जेवताना पाण्याला शिवत नाही. मी आपली सवय समजत होते.