खिडकीजवळचं सॉकेट

१४ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घरी सगळं ठीक, बाबाही ठीक आहेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. घाबरू नकोस, तुझी समजूत काढायला बसलेली नाही. तू जोडून दिलेल्या कॉम्प्युटरने माझ्या नाकी नऊ आणले आहेत, एवढंच.

मी पुस्तकाची पानं लावत असते आणि हा मधेच मरतो. सूचना नाही, कुरकुर नाही. कधी आपण होऊन पुन्हा सुरू होतो, पण तोवर माझं पान गेलेलं असतं. वर प्रकाशकाचे टोमणे. टेबलावरचा दिवा जळत असतो, कॉम्प्युटरचा पडदाही चालू, फक्त तुझा डबा गप्प. मग दोष डब्याचाच ना?

आणि दर वेळी आतल्या खोलीतून बाबा म्हणतात, "बघ, त्याच्या हातचं काही टिकत नाही."

हो, तेच वाक्य, ज्यावर तू बॅग भरलीस. म्हणून तर मी हट्टाला पेटले. डबा उघडला, धूळ काढली, पंखे फिरतात का पाहिलं. मेमरीच्या पट्ट्या पुसून एकेक लावून पाहिली. प्रोसेसर तापत नव्हता. दुरुस्तीवाल्याकडून पॉवर सप्लाय उसना आणून बसवला, तरी तेच. मग मी डब्याला लाथ मारली. हे तुला सांगणार नव्हते.

शेवटी डबा उचलून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेला. तिथे दिवसभर शहाण्यासारखा चालला! दुरुस्तीवाला म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही, घरचं वायरिंग बघा.

मी त्याच्यावरच चिडले. बाबांनी जन्मभर वायरमन म्हणून लोकांच्या घरांत दिवे लावले. त्यांच्या वायरिंगवर शंका घ्यायची आपल्या घरात कुणाची टाप आहे? मी तरी घेतली नाही. डबा परत आणून त्याच जागी लावला आणि पुन्हा पट्ट्या पुसत बसले.

आता पहिल्या ओळीत लिहिलेलं खोडते. बाबा ठीक नाहीत. त्यांचे हात थरथरतात. तू गेल्यावर सुरू झालं. चहा मी अर्धाच कप देते, शर्टाची बटणं मीच लावते. तुला कळवायचं नाही, अशी ताकीद आहे. त्याच सुमारास त्यांनी टेबल खिडकीजवळ सरकवलं; दिवा आणि पडदा तिथल्या जुन्या बोर्डावर लागले, डब्याला जागा उरली नाही, म्हणून त्याच्यासाठी भिंतीत नवं सॉकेट बसवलं. मला खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं होतं.

दुरुस्तीवाल्याचं बोलणं मी जेवताना चेष्टेवारी सांगितलं. बाबा हसले नाहीत. काल मी बाजारातून आले तर मेन स्विच बंद, सॉकेट उघडं आणि बाबा जमिनीवर बसलेले. आतला एक स्क्रू नीट आवळलेलाच नव्हता. टेबलाला धक्का लागला की तार हलायची. ते स्क्रूड्रायव्हर लावत होते, तो घसरत होता, ते पुन्हा लावत होते. मी हात पुढे केला, पण त्यांनी स्क्रूड्रायव्हर दिला नाही.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

ते भिंतीकडेच बघत होते. "माझ्या हातचं टिकलं नाही," म्हणाले. "त्याचं मशीन चांगलं आहे. कळव त्याला."

मला रडू आवरेना. धाकट्या, इतकी वर्षं हे वाक्य ऐकायचं होतं मला, आणि ऐकलं तेव्हा अजिबात आनंद झाला नाही.

दुसरा वायरमन बोलावते म्हटलं, तर नको. मी आवळते म्हटलं, तरी नको. त्या सॉकेटचा फ्यूज काढून खिशात घालून फिरताहेत. स्क्रूड्रायव्हर मात्र पुसून टेबलावर ठेवलाय, तुझ्या खुर्चीसमोर. तो कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कॉम्प्युटर बंद आहे, प्रकाशक ओरडतो आहे, आणि काम एका स्क्रूचं आहे.

तुझी वाट पाहणारी, आणि वाट पाहतो असं कधीच न म्हणणाऱ्याची मुलगी,

ताई