बोनेटवरच्या वाती

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७

आजपासून लिहायचं. अभिमन नाना म्हणे, टेस्टिंग करायचं तर वही पाहिजे. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झालं ते त्याच दिवशी लिहायचं, नाहीतर माणसाला नंतर हवं तेच आठवतं. नाना आमच्या गॅरेजचे जुने मिस्त्री. मी चौथी पास. अक्षर मला लागतं, बस झालं. दुसऱ्या कोणाला वाचायचं नाही.

गाडी: पांढरी, दोन दरवाजांची, विलायती, पळायची. प्रेमराजनी मुंबईच्या लिलावातून ठोकलेली आणली आणि सहा वर्षं खपून मागच्या शेडमध्ये पुन्हा जुळवली. नवऱ्याचं नाव लिहिते आहे. हाक कधी मारली नाही, लिहायला काय जातं.

तक्रार: मे महिन्यात नाशिककडे शर्यत होती. एकशे तीसच्या वर गेल्यावर गाडीचं तोंड उचललं जातं, स्टेअरिंग हातात राहत नाही. ते हरले. जूनमध्ये जळगावला कामाला निघून गेले. पंधरा दिवसांचं काम म्हणाले होते. आता आठवा महिना. मोठं काम असेल.

माणूस गाडीपायी तोंड लपवून बसला आहे. गाडी सरळ झाली की येतील. एवढी साधी गोष्ट.

ठरलं: संक्रांतीच्या आत गाडी सरळ. पंधरा तारखेला प्रेमराज घरी.

७ जानेवारी, बुधवार

नाना म्हणे गाडीभर लोकरीचे तुकडे चिकटवायचे. गाडी पळाली की वारा कुठून कसा जातो ते तुकडे हलून दाखवतात. लोकर आणायला बाजारात कोण जाईल? चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता, त्यातल्या हजारभर झाल्या होत्या, मग कंटाळा आला. त्याच काढल्या. पांढऱ्या गाडीवर पांढरी वात दिसेना म्हणून हळदीच्या पाण्यात बुडवल्या, वाळवल्या, टेपने लावल्या. चारशे वाती. ओळीओळीत. रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या.

नानांनी पाहिलं आणि डोक्याला हात लावला. म्हणे, वहिनी, दोन्ही टोकं चिटकाडी दिधात तर वारा काय हालाडी, मनं कपाय?

लोंबतं ते मला आवडत नाही. पण चूक झाली. चारशे टोकं पुन्हा सोडवली. कंबर गेली.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६

पहिली टेस्ट. गावाबाहेर नवा रस्ता आहे, अजून चालू झालेला नाही, तिथे. गाडी मी चालवली. माहेरी शिरपूरकडे ट्रॅक्टर चालवायचे, त्यात काय एवढं. व्हिडिओ काढायला बाजूने स्कुटीवर शेजारची सुमनबाई, मागे नाना मोबाईल धरून. स्कुटी साठच्या वर जाईना. नाना ओरडत होते हळू, सुमनबाई ओरडत होती मांडीचं मांस सोडा.

व्हिडिओत आभाळ आहे, सुमनबाईचा पदर आहे आणि चार सेकंद गाडी आहे. पण त्या चार सेकंदांत सगळं आहे. बोनेटवरच्या वाती सरळ मागे झोपलेल्या. मागच्या काचेवरच्या गरगर फिरतात. काही तर उलट्या, पुढे तोंड करून.

नाना समजावायला लागले. मी म्हटलं गप्प बसा, मला माहीत आहे. खळ्यावर तिवईवर उभं राहून दाणे उपणायचे ना, तेव्हा वाऱ्याकडे पाठ केली की भुसा वळून परत तोंडावरच यायचा. तसंच आहे हे. वारा अंगावरून जातो आणि पाठीमागे येऊन घुटमळतो. नाना म्हणे वहिनी, इंजिनेरले हाईच सांगाले चार वरीस लागतस.

मी हुशार आहे. कोणी विचारलं नाही इतकंच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

गाडी झाली नाही. संक्रांत माझ्यासाठी थांबत नाही.

हळदीकुंकू केलं. मालक गावात नाहीत तर करू नये, असं एक-दोघी बाहेर बोलल्या म्हणे. गावात नाहीत म्हणजे जगात नाहीत का? वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले.

गाडी दारात होती. सुमनबाई म्हणे, हाई काय शे व माय, गाडीनं लगीन शे का, हळद लागनी तिले! सगळ्या हसल्या. मग हळूहळू हसणं थांबलं. एकीने चप्पल काढली आणि बोनेटला हळदकुंकू लावलं. दुसरी कानाशी येऊन म्हणे, कोणता भगतनी सांगं? वाती किती? सुरुवात कोणत्या वारी करायची? मी म्हटलं टेस्टिंग आहे, वाऱ्याचं. म्हणे हो हो, सांगू नको, सांगितलं तर गुण येत नाही.

तिचा नवरा सुरतला आहे. तीन वर्षं.

मी सगळ्यांना हाकललं. नवरा परत आणायचा तोडगा समजतात. अडाणी बाया. नंतर मोजल्या तर डाव्या बाजूची एक वात कमी. उपटून नेली. तिच्या जागी नवी लावली, हिशोब चुकायला नको.

१५ जानेवारी, गुरुवार

जळगावला फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. टेस्टिंगचं सगळं सांगितलं, वाती, साठचा स्पीड, मागचा घुटमळता वारा. ते हं हं करत होते. मागून बाईचा आवाज आला, भाजीत मीठ टाकलं का विचारत होती. ती रत्ना. खानावळ आहे तिची. तिच्याकडे जेवतात. माणसाला कुठेतरी जेवावं लागतंच. सुमनबाईचा भाऊ जळगावला असतो, तो सांगत होता की कपडेपण तिच्याच दोरीवर असतात. दोरी काय कोणाच्या नावाची असते?

शेवटी त्यांनी विचारलं, गाडीचे कागद कुठे आहेत? म्हटलं कपाटात, पिशवीत, जिथे ठेवले तिथेच. बरं म्हणाले.

म्हणजे गाडीची आठवण येते आहे. चांगलं लक्षण.

२२ जानेवारी, गुरुवार

गवंडी लेव्हल बघतात ती पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी, एक टोक बोनेटवर टेपने, दुसरं गाडीत बंद डब्यात. वारा जिथे ओढतो तिथे पाणी चढतं, जिथे दाबतो तिथे उतरतं. पाणी दिसावं म्हणून कुंकू टाकलं. नळी धरून नाना शेजारी बसले.

नव्वदला पाणी चार बोटं चढलं. नाना खूश. तेवढ्यात रस्त्यात म्हैस. ब्रेक मारला. नानांचं धोतर, सदरा, टोपी, सगळं लाल. टपरीवर चहाला थांबलो तर लोक धावत आले, आजोबांना झोपवा, पाणी द्या. एकाने रुमाल बांधला डोक्याला. नाना सांगत होते कुंकू शे, कुंकू शे. त्यावर लोक जास्तच घाबरले.

कुंकू धोतरातून निघत नाही. आजची नोंद: चार बोटं. बाकी लिहिण्यासारखं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याला प्लास्टिकची पट्टी आवळून बांधली आणि दोऱ्याने खालच्या नळीला अडकवली. दांडा जेवढा बाहेर निघेल तेवढी पट्टी सरकते. शंभरला गेले आणि आले. पट्टी एक बोटभर सरकलेली. म्हणजे गाडीचं तोंड खरंच उचलतं.

म्हणजे ते खरं बोलत होते.

हे लिहू की नको. नानांनी सांगितलं आहे सगळं लिहायचं. शर्यतीहून आले त्या दिवशी गॅरेजमध्ये आठ-दहा माणसं होती. ते सांगत होते गाडी उचलली जाते, हातात राहत नाही. मी डबा घेऊन उभी होते. मी म्हटलं, गाडीला काही होत नाही, चालवणाराच कमी पडतो. आणि नुसतं गाडीतच नाही. माणसं हसली. ते नाही हसले. डबा घेतला, झाकण उघडलं, बंद केलं.

बोलायला नको होतं. पण जेवण गार होत होतं आणि मी दोन तास उभी होते. रागात माणूस बोलतो. सव्वीस वर्षं बोलत आले, तेव्हा कुठे गेले नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. वारा गाडीच्या पोटाखाली शिरतो आणि तोंड उचलतो. त्याला शिरू द्यायचं नाही. ट्रकच्या चाकामागे लोंबतं ते जाड रबर आणलं, वीतभर उंच कापलं, पुढच्या बंपरखाली बोल्टने बसवलं. दारात थंडीची उंबऱ्याला गोधडी लावतो, तसं. नाना म्हणे दिसतं घाण. म्हटलं दाखवायला लावलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६:४०

एकशे वीस. पट्टी सरकली पाव बोट. पाव! स्टेअरिंग जड. गाडी रस्त्याला चिकटून.

परत येताना डोळ्याला पाणी आलं. वारा गेला असेल. काचा बंद होत्या, पण फटीतून येतो.

नानांनी व्हिडिओ पाठवला प्रेमराजना. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. कामात असतील.

११ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर नाही. तिकडे नेट नसेल. जळगावला नेट नसतं कधी कधी.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

उपास. सुमनबाई भगर घेऊन आली. बसली, पदर आवरला, मग माझं नाव घेऊन बोलली. झुंबर, तो गाडीमुये नही गया. तू बठ्ठं दखस, तेवढंच दखत नही.

मी म्हटलं, सगळं बघते ना मी, मग झालं तर, तुझी स्कुटी साठच्या वर जात नाही, तू मला वाऱ्याचं सांगू नको. ती उठून गेली. भगर ठेवून गेली. खाल्ली नाही. दुपारी खाल्ली.

तिच्याशी बोलायचं नाही. कायमचं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

फोन आला! त्यांचा! स्वतःहून! रविवारी येतो म्हणाले. गाडी बघायची आहे.

सुमनबाईला भिंतीवरून सांगितलं. ती म्हणे बरं. नुसतं बरं.

ठरलं: जळगावचा विषय काढायचा नाही. खानावळीचा तर नाहीच. टोचून बोलायचं नाही. एक वाक्य बोलायच्या आधी पाच आकडे मोजायचे. भरताची वांगी आणली. रात्रीच भाजून ठेवायची नाहीत, ताजंच करायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

अकराला आले. बारीक झालेत. नवा शर्ट, कॉलर नीट इस्त्रीची. मला कॉलरची इस्त्री कधी जमली नाही.

आधी गाडीकडे गेले. रबराखाली बोट घालून पाहिलं, बोल्ट हलवून पाहिले. मग वाती काढायला लागले. एकेक. टेप फाटू न देता, रंग निघेल म्हणून. चारशे वाती. मी पाच आकडे मोजत उभी. सगळ्या ओंजळीत जमवल्या आणि मला विचारलं, कुठे टाकू?

कचऱ्याची बादली मोरीच्या बाहेर डाव्या हाताला आहे. सव्वीस वर्षं तिथेच आहे. मी जाऊन दाखवली.

नानांना घेऊन चक्कर मारून आले. उतरले तेव्हा तोंडावर हसू होतं, पूर्वीसारखं, शेडमधून हात काळे करून यायचे तसं. नानांना म्हणाले, पुढून एकदम बसली की, कोणी केलं? नानांनी माझ्याकडे बोट केलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, तू? खरंच तू? चांगलं केलंस, झुंबर.

चांगलं केलंस हे त्यांनी मला पहिल्यांदा म्हटलं. मी एक दोन तीन चार पाच मोजलं. मग म्हटलं, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. गाडी खरंच उचलत होती. पाव बोट अजून उचलते.

ते म्हणाले, गाडीचं काय नाही गं. तेव्हापण नव्हतं.

मग म्हणाले, कागद दे. रत्ना कोपऱ्यावर रिक्षात थांबली आहे.

पिशवी दिली. ताट वाढू का विचारलं. उशीर होईल म्हणाले. ते गाडीत बसले. मी गाडीच्या खिडकीशी उभी राहून वही वाचून दाखवली: एकशे वीसच्या वर टेस्ट झालेली नाही, जाऊ नका. रबराचा डावा बोल्ट सैल होतो, महिन्याने आवळायचा. पाऊस असेल तर माहीत नाही. त्यांनी नीट ऐकलं. लक्षात ठेवतो म्हणाले.

गाडी कोपऱ्यावर थांबली. दार उघडलं, बंद झालं. मग हायवेकडे. मी वळणापर्यंत पाहिली. खड्ड्यावरपण डुलली नाही. सरळ गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुमनबाई सकाळी आली. काही विचारलं नाही. वांगी चिरू का म्हणाली. चिर म्हटलं.

आजचं टेस्टिंग: नाही.

काल जाताना काच खाली करून म्हणाले, शिमग्याला येतो.

असं ते म्हणाले नाहीत. हे आत्ता मी लिहिलं.