सायलेन्सर थंड होता

बाबा, तुमच्या पणतीला समोर बसवून हे सांगते आहे. मी म्हणते तेवढंच लिही म्हटलं, तर "हव आजी" म्हणाली. पण मधेच गालात हसते, म्हणजे आपल्या मनचंही काही घालत असेल. मला अक्षर येत नाही, तेव्हा तिच्या पेनावर माझा विश्वास नाही.

गोष्ट तुमच्या नातवाच्या गाडीची आहे. हे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या दारात चारचाकी दिसू लागली. याचं ऑफिस घरापासून हाकेच्या अंतरावर, रविवारी फार तर पुरानी बस्तीतल्या देवळापर्यंत जायचं. तरी हा म्हणे, जुनी डिझेल घेतो. "आई, डिझेल स्वस्त पडते, लिटरमागं जास्त चालते, खेच बी चांगली." मी म्हटलं, "अन् पेट्रोलवाली?" तर म्हणे, ती घेताना स्वस्त, आवाज कमी, दुरुस्तीचा ताप कमी, पण रोज लांब पळवली तर खिसा रिकामा करते. मी विचारलं, "मंग तुले रोज कोठी पळाचं हाये रे?" तो पंख्याकडे पाहू लागला. तिथंच मला वास आला. देवळात जायला कोणी डिझेल घेत नाही, बाबा. डिझेल पळणाऱ्यालाच परवडतं, हे तुमच्यासारख्या ट्रकवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीला कोणी सांगायला नको.

ही लिहिणारी पोट्टी तेव्हा शाळेत होती. तिला शेवेचा लाडू दिला, तर लगेच बोलली, "पापा नौकरी छोड़ रहे हैं आजी. साहब लोगों को लेकर बस्तर जाएँगे, गाड़ी किराये पे." बस्तर म्हणजे तोच घाट. तुमचा ट्रक भनपुरीहून निघाला आणि ज्या घाटातून परत आला नाही, तोच. मी नऊ वर्षांची होते. आई कितीतरी दिवस तुमचं ताट झाकून ठेवत होती.

गाडी पाहायला मी हट्टानं गेले. गुढियारीत एका माणसाच्या अंगणात, भर उन्हात उभी होती. तुम्ही शिकवलेलं मला आठवतं: विकणारा इंजिन आधीच तापवून ठेवतो, म्हणजे थंड असताना कुरकुरणारी गाडी गिऱ्हाइकासमोर झटक्यात सुरू होते. म्हणून बोनेटवर हात ठेवायचा, पण ऊन असेल तर बोनेटचं ऐकायचं नाही, वाकून सायलेन्सर चाचपायचा. मी बोनेटवर हात ठेवला, चटका बसला. चप्पल सरळ करायच्या निमित्तानं वाकले आणि सायलेन्सरच्या मागच्या नळीला बोट लावलं. थंडगार. मग त्या माणसानं चावी फिरवली, तर पहिल्याच सेल्फला इंजिन बोललं. अशी गाडी तुम्ही डोळे मिटून घेतली असती.

मी मुलाला बाजूला ओढलं. "बोनेट पाय, कसं तापलं हाये. फसवून राहिला हा तुले." तो माणूस बिचारा म्हणतो, "अम्मा, सुबह से खड़ी है, धूप का गरम है." मी म्हटलं, "हव भैया, धूप तो बहुत मेहनती है." मुलगा हसला आणि गाडी न घेताच निघाला. माझ्या हातावर त्याचा विश्वास, कारण हा हात तुमच्या हाताखाली शिकलेला.

मग त्यानं पेट्रोलची घेतली. ती भाड्यानं पळवणं परवडेना, म्हणून नोकरी राहिली. आता तो रिटायर व्हायला आला आहे, आणि अजून पाहुण्यांना सांगतो, "आमच्या आईनं मले वाचवलं." मी तोंडात सुपारी टाकते. रविवारी गाडी पुसून झाली की काचा वर करून तो स्टिअरिंगवर हात ठेवून तासभर नुसता बसतो. कुठं जात नाही. मी खिडकीतून पाहते.

पोट्टीनं आत्ता पेन थांबवलं आणि विचारलं, "पापा को बता दूँ?" नको म्हटलं. हा कागद माझ्या लुगड्यांच्या घडीत राहील. त्या गुढियारीवाल्याला मी खोटं पाडलं, तेही तुमच्या विद्येनं, याची लाज वाटते. पण उद्या तीच गाडी दारात आली, तर मी सायलेन्सरला हातसुद्धा लावणार नाही, बाबा. सरळ म्हणेन, तापवलेली आहे.