पाणी न वाजवता

अप्पा, त्या शर्यतीचं तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी विलायतेहून परत आलो तेव्हा तुम्ही नव्हतात, आणि नंतर ज्यांनी विचारलं त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. त्यांच्यातल्या कुणीच मला पोहायला शिकवलेलं नव्हतं.

खटकचिंचोळीच्या शिवारातली आपली विहीर. वाळलेला भोपळा पाठीला बांधून तुम्ही गल्लीतली निम्मी पोरं तिच्यात ढकललीत, सगळ्यांत आधी मला. गल्ली तेच पाणी प्यायची, म्हणून पोहायचं ते बेडकीनं. छातीवर आडवं व्हायचं, हात पाण्याच्या आतच फाकवायचे, पाय बेडकासारखे मारायचे, गाळ हलू द्यायचा नाही आणि पाणी वाजू द्यायचं नाही. मी एकदा मस्तीत हात आपटले तर तुम्ही वरून ढेकूळ मारलंत. "म्हशी धुवायलास काय रं? लोकांला प्यायचंय ह्ये पाणी. बेडूक कधी वाजतंय का पाण्यात?" वाजत नाही, पण रात्रभर ओरडतंय की, असं मी म्हणालो आणि दुसरं ढेकूळ खाल्लं. तुमचा नेम फार चांगला होता.

पुढे मुंबईला मामाकडे शिकायला गेलो तर तिथल्या तलावात त्याच बेडकीच्या शर्यती व्हायच्या. मी जिंकत गेलो. मला स्वतःलाच हसू यायचं, की गल्लीचं पाणी गढूळ होऊ नये म्हणून शिकलेल्या गोष्टीला इथं टाळ्या पडतात. जगभरच्या देशांचे पोहणारे विलायतेत जमणार होते, त्यांच्यात माझी निवड झाली तेव्हा उन्हाळ्यात मी घरी आलो. मुलखातलं वातावरण तेव्हाच बिघडलेलं होतं. संस्थान नव्या देशात सामील व्हायला तयार नव्हतं, त्याच्या बाजूचे बंदूकवाले गावोगाव फिरत होते आणि दिवेलागणीनंतर कुणी मळ्यात थांबत नव्हतं. तुम्ही चुलीपुढे जेवायला बसला आहात, आई भाकरी थापते आहे. "जितल्यावर काय देतेत?" तुम्ही विचारता. बिल्ला, मी म्हणतो. "बिल्ला? समुद्र वलांडून जायलास, अन् बिल्ला?" आई हसते. तुम्ही भाकरी कुस्करत राहता, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणता, "बरं जा. किती जण मागं ऱ्हायले तेवढं येऊन सांग." तुम्हाला आनंद झाला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्याबरोबर मुंबईला चला, असं मी तुम्हाला म्हणालो. "अन् हिरीला काय संगट घिऊ?" म्हणालात, आणि विषय संपला.

तिथे पहिल्याच दिवशी सरावाला उतरलो आणि काठाला धरून बघतच राहिलो. माझ्या शर्यतीतले बहुतेक जण बेडकी पोहतच नव्हते. पाय बेडकीचे, पण दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे, नुसता धबाधबा. नियमात दोन्ही बसत होतं आणि त्यांचं पोहणं वेगाचं होतं. आमचे मास्तर मला म्हणाले, "तूही हात वर काढ. तुझं हे पोहणं आता जुनं झालं." मी शिकायला लागलो. अंगात जोर होता, ऐकायचीही तयारी होती, पण हात पाण्याबाहेर आला की पाय चुकायचे. लहानपणी जे हाडात बसलेलं असतं ते चार दिवसांत निघत नाही. मास्तर चिडायचे, मी त्यांच्याहून जास्त चिडायचो, आणि खरं सांगतो अप्पा, त्या दिवसांत मला तुमचाही राग आला.

शर्यत तलावाच्या चार फेऱ्यांची. पहिल्या फेरीत मी सगळ्यांसारखे हात फेकले आणि नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्या फेरीत खांदे भरून आले. तिसरीत हात आपोआप पाण्याखाली गेले, तुम्ही शिकवलं होतंत तसे, आणि अंग सुरळीत चालायला लागलं. पण तोवर बाकीचे एवढे पुढे गेले होते की मला त्यांचा आवाजसुद्धा लांबून यायला लागला. शेवटची फेरी जवळजवळ मी एकटाच पोहलो. तिकडे शेवटच्याला लोक टाळ्या वाजवतात. माझ्या मागं कुणी राहिलं नाही, अप्पा.

मुंबईला उतरलो तेव्हा आपल्या संस्थानची सरहद्द बंद होती. आपल्याकडची माणसं सोलापूरच्या छावणीत येताहेत असं कळलं म्हणून तिथे गेलो, आणि आई दिसली. तिचं कपाळ मोकळं होतं. मला बघून तिला रडूही आलं नाही. माझा हात धरून ती सांगत राहिली. श्रावणातल्या एका दुपारी तुम्ही मळ्यात होतात, शेजारची धाकटी पोरगी पाण्याला आली होती, आणि बंदूकवाले शिवारात शिरले. लांब पळायला वेळ नव्हता. आई जवळच्या उभ्या ज्वारीत शिरली, पण पोरगी विहिरीपाशीच होती. पोरगीला पाठीवर घेऊन तुम्ही विहिरीत उतरलात आणि मोट जिथं रिकामी व्हायची त्या दगडी थारोळ्याखालच्या अंधारात गेलात. ते लोक नेमके विहिरीच्या काठावर बसले. जेवले, पाणी शेंदून प्यायले, तिथेच झोपले. विहीर तुडुंब, पायऱ्या बुडालेल्या, पाय टेकायला जागा नाही. दगड धरावा तर शेवाळावरून हात निसटतो.

"दिवस बुडंपत्तर त्येंनी पाण्यात दम काढला रं," आई म्हणाली. "पोरगी सांगायलती, पाणी वाजलंसुदीक न्हाई. तिला म्हणायलते, भिऊ नगं, माझे पाय बघ, असंच मारायचं."

पोरगी वाचली. तुम्हाला बाजेवर उचलून आणावं लागलं. थंडीताप छातीत बसला, भालकीला वैद्याकडे न्यायला रस्ते मोकळे नव्हते.

मी तिथे असतो तर, असं मी किती वेळा म्हटलं असेल. गावात तुमच्याहून जास्त वेळ पाण्यात राहील असा एकटा मीच होतो. तरणाताठा, विलायतेला निवडलेला. पोरगी माझ्या पाठीवर असती, तर तुम्ही आईबरोबर उभ्या ज्वारीत लपला असता. पण मी तिथे नव्हतो, आणि हे वाक्य कसंही फिरवलं तरी तिथेच येऊन थांबतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? दुपारपासून लिहितो आहे, सून दोनदा चहाला बोलावून गेली. आता एकच राहिलं. शर्यत झाली त्या संध्याकाळी मी न्हाणीत कडी लावून हमसून हमसून रडलो. तुम्ही विहिरीत होतात तो हाच दिवस होता की अलीकडचा-पलीकडचा, ते आईला सांगता आलं नाही. मी मात्र शेवटचा आलो म्हणून रडत होतो, अप्पा. याहून वाईट काही असू शकतं, असं मला तेव्हा वाटतच नव्हतं.