सापडना

३ फेब्रुवारी, सोमवार
कण सापडलेला नाही. दुजोरा — खुद्द हेमांगी, मूळची चोपडा गावची, प्रयोगशाळेत हा कण शोधणारी. जर्मनीहून फोन आला. आणि आज आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर : 'चोपड्याच्या लेकीने शोधला अदृश्य कण!'

ती एका दमात म्हणाली : "काका, निकालाआधी बोलायचं नाही असा नियम आहे इथे. चुडामणभाऊ गाववाले म्हणून मी बोलले हो! मला काढतील."

चोपड्याचा आमचा वार्ताहर चुडामण. त्याला ती म्हणाली, "खूप शोधतोय, पण सापडेना." त्याने घाईत पाठवलं — 'खूप शोध. कण सापडना.' बोली मराठीत सापडना म्हणजे सापडत नाही. अहिराणीत सापडना म्हणजे सापडला! चुडामणची बातमी नेहमी निम्मी अहिराणी. मी सवयीने मराठी केलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मराठी लिहिलं, आणि मी त्याचं भाषांतर केलं.

४ फेब्रुवारी
खुलासा छापला. 'कण सापडलेला नाही. हेमांगी यांचा दुजोरा.' पान पाच, तळाला. शोध पहिल्या पानावर लागतात, मागे पाचव्यावर घेतात.

चुडामण फोनवर : "भाऊ, एकदाव शुद्ध लिखं तं हाई गत! आते अहिराणीच बरी."

५ फेब्रुवारी
धुळ्याच्या एका मंडळाने हेमांगीच्या आईचा, झुंबरबाईंचा सत्कार ठेवलाय. खुलासा वाचूनही रद्द नाही. "कण नाही तर नाही. पोरगी जर्मनीत आहे ना?"

झुंबरबाईंनी मला फोनवर गाठलं. "भाऊ, परवा सापडना व्हता, काल कसा हारपना? पेपरवाला लई गयात का?"

हरवलेला कण आम्ही पेपरवाल्यांनीच नेला, असा त्यांचा संशय.

६ फेब्रुवारी
हेमांगीचा लांबलचक मेल. दोनदा वाचला तेव्हा कळला. ही मंडळी लेझरने अणूंचे ठोके मोजतात. अगदी शेवटच्या, सतराव्या-अठराव्या आकड्याशी जरी फरक पडला, तरी एखादा न दिसणारा हलका कण आत ढवळाढवळ करतोय असा संशय घ्यायचा. मोजणाऱ्याला हवं तेच दिसू नये म्हणून मोजमापात एक गुप्त आकडा मुद्दाम मिसळून ठेवतात. तो सोमवारी सगळ्यांसमोर काढून टाकणार. तोवर खरं उत्तर कुणालाच ठाऊक नाही — तिलाही नाही!

"घाबरून 'सापडला नाही' म्हणाले, काका. खरं तर अजून बघितलेलंच नाही."

म्हणजे बातमी चूक. खुलासाही चूक.

७ फेब्रुवारी
संपादकांना म्हटलं, तिसरी ओळ छापू : 'अजून माहीत नाही.' म्हणाले, "याला बातमी म्हणतात? मग रोज छापा, सगळ्याच विषयांवर."

८ फेब्रुवारी
तिच्या गटप्रमुखांना इंग्रजीत पत्र पाठवलं. चूक माझी, मुलीला ठेवा. सापडना आणि सापडेना समजावण्यात दीड पान गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार
हेमांगीचा निरोप. पहिली बातमी गटप्रमुखांनी हसण्यावारी नेली. खुलाशात मात्र तिचा दुजोरा होता — तो मी घातलेला; निकालाआधी बोलल्याचा तोच पुरावा ठरला. उद्या दुपारी गुप्त आकडा काढतील. चार वर्षं तिने मोजलं. त्या खोलीत ती नसेल.